जवळची खूण : गोदाबाईचं घर

प्रणालीनं दुकान काढलं तेव्हा मी विचारलं, कुठं काढलं? ती म्हणाली, मोबाइलात. मी विचारलं, भाडं किती? ती म्हणाली, भाडं नाही. मी म्हटलं, मग ठीक.

प्रणाली माझी नातसून. माहेर अकोल्याचं. माझा नातू शिवम अमरावतीला एका कारखान्यात कामाला आहे, तो शनिवारी येतो. बाकीचे दिवस घरात मी, प्रणाली आणि माझा मुलगा उत्तमराव. आमचं गाव तिवस्यापासून आत आठ किलोमीटर. गावाला रस्ता आहे, नळ आहे आणि ऊन आहे. प्रणालीनं उन्हाचा धंदा करायचं ठरवलं. म्हणजे कुरड्या विकायच्या.

उत्तमराव तिला म्हणाला, "एक उन्हाळा पाय करून. नाई जमलं तं अकोल्याले तुझ्या मामाच्या दुकानात बस. मी मनाई करत नाई."

ऐकायला हे चांगलं वाटतं. पण लग्नाआधी प्रणाली त्या मामाच्या कापडाच्या दुकानात चार वर्षं बसली होती. चार वर्षांत मामानं तिला ठाण उलगडू दिलं नाही. तिचं काम घड्या घालण्याचं होतं. दुसऱ्यानं उलगडायचं, हिनं घडी घालायची. तिला परत तिथं जायचं नव्हतं. एवढाच प्रश्न होता आणि त्याला एक उन्हाळा दिलेला होता.

जाहिरातीसाठी तिनं माझा फोटो काढला. हातात सोऱ्या दिला.

"आजी, हास ना जरा."

"काहून?"

"लोकायले बरं वाटते."

"माझ्या हातात सोऱ्या हाये. त्याच्यात हासन्यासारखं काय हाये?"

फोटो तसाच लागला. खाली तिनं लिहिलं, 'आजीच्या हातची कुरडई'. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचायला शिकले. सावकाश वाचते, त्यामुळे चुका होत नाहीत. मी वाचलं आणि म्हटलं, हे खोटं आहे. कुरड्या घालायला शकुन येते आणि तिच्यासोबत पाच बाया येतात. मी गच्चीवर खुर्ची टाकून कावळे हाकते.

"लोकायले आजी पायजे, आजी."

"शकुन बी आजी हाये. तिले चार नातू हायेत."

"थे फोटो काढू देत नाई."

हे खरं होतं. शकुनचे समोरचे दोन दात पडले होते. मग प्रणालीनं ओळ बदलून 'आजीच्या देखरेखीखालची कुरडई' अशी केली. तीन दिवस एकही ऑर्डर आली नाही. चौथ्या दिवशी पहिली ओळ परत लागली होती. मी ती सावकाश वाचली.

व्हिडिओसुद्धा काढला. व्हिडिओत ती 'मला, तुम्हाला' म्हणते. घरात 'मले' म्हणते. पुण्याच्या एका बाईनं विचारलं, तुमची कुरडई ग्लुटेन फ्री आहे का? मी विचारलं, ते काय असतं? प्रणालीनं मोबाइलात पाहून सांगितलं, गव्हातला चिकट भाग. मी म्हटलं, कुरडई चिकाचीच असते. तिनं तसंच लिहिलं, 'पूर्णपणे चिकाचीच आहे.' ती बाई पुन्हा आली नाही. पण ते वाचून नागपूरच्या एकानं सहा पाकिटं सांगितली. म्हणाला, खरं बोलणारं दुकान आहे.

असं करत चैत्र लागेपर्यंत पाव-पाव किलोची एकशे ऐंशी पाकिटं सांगून झाली. मग एक दिवस मी प्रणालीला रीत सांगितली. आधीच सांगायला पाहिजे होती. पण तिला माहीत असेल असं मला वाटलं, आणि अकोल्याला तिच्या घरी कुरड्या विकत आणत.

आमच्याकडे घरात कोणी गेलं की वर्षभर वाळवण घालत नाहीत. कुरड्या नाहीत, पापड नाहीत, मुगवड्या नाहीत. खायचं असेल तर बाहेरून आणायचं. आणि यासाठी भावकीतल्या साऱ्या चुली एकच धरतात. सुतकाची बातमी आली तेव्हा जे वाळवण उघड्यावर असेल ते उचलायचं नाही, गायीला घालायचं. जे आधीच डब्यात गेलं त्याला सुतक नाही.

प्रणालीनं विचारलं, "मंग भावकीत कोनी आजारी हाये काय?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीपलीकडे पुंजारामबुवा होते. माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. वय त्र्याण्णव. ते सत्त्याण्णव सांगत. फाल्गुनापासून ओसरीतल्या खाटेवर होते. त्यांचा मुलगा रामराव, आणि रामरावची बायको मनकर्णाबाई, म्हणजे माझी चुलत जाऊ. तिचं आणि माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

कारण मोठं नव्हतं. पूर्वी दोन्ही घरं एक होती. वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या आजेसासूबाईंचा पितळी सोऱ्या निघाला. दोघींनी मागितला. पंचांनी न्याय केला. सोऱ्या तिला दिला, त्याच्या तीन चकत्या मला दिल्या. सोऱ्याशिवाय चकती कामाची नाही, चकतीशिवाय सोऱ्या कामाचा नाही. दोघींनीही तिवस्याच्या बाजारातून नवे आणले आणि बोलणं बंद केलं.

शेजारी राहायचं म्हणजे सांगण्यासारखं काही निघतंच. म्हणून मनकर्णाबाई तिच्या शेळीशी बोलते. शेळीचं नाव चांदी. अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणते, "चांदे, नळ आज नऊले येनार हाये," की मी समजते. मला काही सांगायचं असेल तर मी खराट्याला सांगते. अकरा वर्षांत शेळ्या तीन झाल्या. नाव चांदीच ठेवलं.

रीत ऐकून प्रणालीनं बोटांवर दिवस मोजले. मग उठली, मुगाच्या डाळीचं पाणी केलं, वाटीत घेतलं आणि भिंतीला वळसा घालून मनकर्णाबाईच्या दारात गेली. तिचं कोणाशी भांडण नव्हतं. खाट ओसरीत, भिंतीला लागून. मी अलीकडे तांदूळ निवडत होते. मला सारं ऐकू आलं.

"कोन वं तू?"

"प्रणाली, आबाजी. शिवमची."

"शिवम कोन?"

"उत्तमरावचा."

"हं. थो मोठ्या कानाचा."

"आबाजी, कसं वाटून रायलं?"

"मराले टेकलो. तुले कसं वाटून रायलं?"

वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. बुवा म्हणाले, "अकरा वर्षं त्या भिंतीपलीकडून कोनी आलं नाई. आज वाटी घेऊन आली. काम सांग."

पोरीला तोंडावर खोटं बोलता येत नाही. धंद्याला ते बरं नव्हे. ती म्हणाली, "आबाजी, गहू भिजू घालाचे हायेत."

बुवा हसले. हसण्याचा खोकला झाला. खोकला संपल्यावर त्यांनी विचारलं, "कितीक?"

"एक क्विंटल. अर्धे सोमवारी, अर्धे बुधवारी."

शेतकरी माणूस. हिशोब लगेच झाला. गहू तीन दिवस भिजतो, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, पाचव्या दिवशी पहाटे शिजवून कुरड्या घालायच्या, मग तीन दिवसांचं ऊन.

"म्हंजे दुसरा घाना वायेपर्यंत पुढचा मंगयवार. नऊ दिवस."

"हो."

"तहसीलदारानं बी मले सात दिवसाच्या वर मुदत कधी देल्ली नाई."

"आबाजी, मी तसं नाई म्हनत..."

"तू तसंच म्हनून रायली. जा, घाल भिजू. नऊ दिवस पाहातो मी. अन् मीठ नीट टाकजो. तुझी आजेसासू मिठाले हात आखडते."

मी तांदूळ निवडत राहिले.

वाटी घेऊन प्रणाली परत आली तेव्हा वाटीत गुळाचा खडा होता. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत मनकर्णाबाईनं पाळली. बोलली मात्र एक शब्द नाही.

सोमवारी गहू भिजला. एकदा भिजला की थांबता येत नाही. गहू वाट पाहत नाही, आंबतो.

त्या नऊ दिवसांत पुंजारामबुवांच्या तब्येतीची जेवढी चौकशी झाली तेवढी त्याआधी कधी झाली नव्हती. शकुन कामावर आली की आधी भिंतीला कान लावायची. उत्तमराव तिवस्याहून डॉक्टरला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. रामरावला काही कळेना. डॉक्टरनं नाडी पाहिली आणि म्हणाला, वय झालं आहे.

उत्तमराव म्हणाला, "मंगयवारपर्यंत?"

"मंगळवारी काय आहे?"

"काई नाई. मंगयवार हाये."

प्रणाली रोज दोन वेळा वाटी घेऊन जायची. सुरुवातीला गव्हासाठी जात होती. पुढे पुढे जास्त वेळ बसू लागली. बुवा तिला कोणत्या साली कोणता बैल किती चालला ते सांगायचे आणि ती ऐकायची. चार वर्षं घड्या घातलेल्या माणसाला ऐकण्याची सवय असते.

गुरुवारी पहिला घाणा वाटायला घेतला तेव्हा मनकर्णाबाई अंगणात आली. शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चांदे, बुढ्यानं औषध सोडलं. दिवस तेवढे मोजते. म्हन्ते, पोरीले जबान देल्ली."

मी खराट्याला म्हटलं, "ज्याची जबान त्यालेच मालूम."

पहिल्या घाण्याच्या कुरड्या शुक्रवारी पहाटे पडल्या, रविवारी दुपारी डब्यात गेल्या, सोमवारी नव्वद पाकिटं होऊन तिवस्याला कुरिअरच्या माणसाकडे पोचली. दुसरा घाणा रविवारी पहाटे पडला. त्याला मंगळवारचं चार वाजेपर्यंतचं ऊन पाहिजे होतं.

पुंजारामबुवांचा खोकला आमच्या गल्लीचं घड्याळ होता. पाव तासाला एकदा. मंगळवारी सकाळी दहा वाजता तो झाला. सव्वादहाला झाला नाही. साडेदहालाही नाही.

मी गच्चीवर होते. समोर चादरींवर दुसऱ्या घाण्याची पांढरी नक्षी पडली होती. कडा वाळल्या होत्या, मध्ये अजून ओल होती. शकुन कुरड्या उलट्या करत होती.

अकरा वाजता ती म्हणाली, "बाई, आज बुढ्याचा खोकला नाई आयकू आला."

"औषध लागू पडलं असन."

"औषध तं सोडलं म्हने."

"म्हनूनच लागू पडलं असन."

शकुननं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची कुरडई उलटली.

थोड्या वेळानं खाली मनकर्णाबाई अंगणात आली. रामराव सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेला होता, घरात ती एकटीच. डोक्यावर पदर होता. शेळीजवळ उभी राहिली, पण शेळीकडे तिनं पाहिलं नाही. आमच्या गच्चीकडे पाहिलं. कुरड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "चांदे, ऊन आज चारपर्यंत राहाते."

मी कावळे हाकायला वर आणलेला खराटा उचलला. म्हटलं, "चारले डबे भरून होतात."

ती आत गेली.

आम्ही अकरा वर्षं बोलत नव्हतो. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. बोलत असतो तर मला विचारावं लागलं असतं आणि तिला सांगावं लागलं असतं. सुतक ऐकल्यापासून लागतं. ही रीत मी काढलेली नाही, माझ्या सासूनं सांगितलेली आहे. दूरगावचा माणूस महिन्यानं बातमी ऐकतो तेव्हा त्याचं सुतक त्या दिवशी सुरू होतं. मधल्या महिन्यात तो काय जेवला हे कोणी विचारत नाही. आमचं घर दूरगावी नव्हतं, मध्ये एक भिंत होती. पण त्या भिंतीवरून अकरा वर्षं एक शब्द गेला नव्हता. हे अंतर कमी नाही.

बुवांनी नऊ दिवस म्हटले होते. सहा तास कमी पडले. ते मनकर्णाबाईनं भरले.

दुपारभर ती ओसरीच्या उंबऱ्यात बसून होती. मला गच्चीवरून तिची पाठ दिसत होती. हातात विणलेला पंखा होता. ती आत वारा घालत होती. हात दुखला की पंखा दुसऱ्या हातात घ्यायची. बारा वाजता प्रणाली वाटी घेऊन निघाली. मी वरून हाक मारली, "आज नोको जाऊ. निजले असतीन." ती वाटी झाकून ठेवून वर आली. तिला काही कळलं नाही. कळू देण्याचं कारण नव्हतं. तिला खोटं बोलता येत नाही.

चार वाजता कुरड्या वाजू लागल्या. वाळलेली कुरडई हातात घेतली की वाजते. बायांनी पंधरा मिनिटांत सहा डबे भरले. शेवटच्या डब्याचं झाकण मी स्वतः लावलं. जोरात लावलं. भिंतीपलीकडे ऐकू जावं एवढ्या जोरात.

मनकर्णाबाई भिंतीकडे आली नाही. गल्लीतून वळसा घालून आमच्या पुढच्या दारात आली. अकरा वर्षांनी उंबऱ्याशी उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "मामाजी गेले."

"कव्हा?"

"आत्ता."

मी तिच्यासोबत गेले. बुवांचा हात हातात घेतला. त्या हाताला ते 'आत्ता' माहीत नव्हतं. मी तो छातीवर नीट ठेवला आणि मनकर्णाबाईला जवळ घेतलं. मग ती रडली. दिवसभर रडली नव्हती.

सर्वांत जास्त प्रणाली रडली. झाकून ठेवलेली वाटी तिनं तशीच धरून ठेवली होती. मोबाइलातल्या दुकानावर तिनं पाटी लावली, 'आमचे आजोबा वारले. दुकान तेरा दिवस बंद राहील.' एकसष्ट लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. माझी ऑर्डर कधी निघेल?'

तेरवीपर्यंत मी आणि मनकर्णाबाई बोललो. पिठाचं बोललो, पाहुण्यांचं बोललो. तेरवी झाली आणि बोलणं परत बंद झालं. मौत वेगळी, सोऱ्या वेगळा.

मग नळावर गोष्ट निघाली. शकुन म्हणाली, "मी काई म्हनत नाई, पन खोकला दहाले बंद पडला व्हता." ती काही म्हणत नव्हती आणि ते साऱ्या गावानं ऐकलं. चार दिवसांत तिवस्याला पोचलं, तिथून अमरावतीला. दुसऱ्या घाण्याची नव्वद पाकिटं घरात तयार होती. त्यातली सदतीस नको म्हणून लोकांनी कळवलं. कोणी कारण लिहिलं नाही. एका बाईनं लिहिलं, 'आमच्या सासूबाई मानतात.'

ते एक वेळ चाललं असतं. पण शकुन घरी आली आणि ओट्यावरच बसली. आत आली नाही.

"बाई, पुढच्या वैशाखात आमी सहाजनी येनार नाई. बुढ्याचं वर्ष होऊन जाईन, थे खरं. पन सुतकातल्या कुरड्या घातल्या म्हनून आमालेच बोल लागते."

"तू माझ्या बाजूले बसली व्हती शकुन. मी तुले काय म्हटलं?"

"औषध लागू पडलं म्हने."

"मंग?"

"मंग काई नाई. मी काई म्हनत नाई."

बायांशिवाय कुरड्या होत नाहीत. उत्तमरावनं जेवताना ताटाकडे पाहत म्हटलं, "एक उन्हाळा पायला आपन." एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्रणालीनं मामाला फोन लावला. मामा म्हणाला, ये, घड्या पडल्याच आहेत. तिनं कपाटावरून बॅग काढली, पुसली आणि उन्हात ठेवली. बॅगेला वास येत होता.

मी सारं सांगू शकले असते. पण काय सांगणार? मी ऐकलं नाही हे खरं होतं. मला माहीत नव्हतं हे खरं नव्हतं. यातलं एकच सांगायचं तर ते अर्धं सांगणं झालं असतं, आणि त्या दिवशी गच्चीवर शकुन होती.

बॅग उन्हात होती त्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. प्रणाली म्हणाली, "आजी, ऑर्डर आली. एक पाकीट." तिचा आवाज वेगळा वाटला. नावं मी वाचत असे, म्हणून तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. मी सावकाश वाचलं.

नाव : मनकर्णाबाई रामराव.

गाव आमचं. गल्ली आमची. ऑर्डरीच्या कागदावर 'जवळची खूण' असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं होतं, 'गोदाबाईचं घर'.

रामरावच्या मोबाइलवरून टाकली असणार, तिनं सांगून. अकरा वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं.

उत्तमराव म्हणाला, "भिंतीवरून देऊन दे, माय. काय तमाशा हाये?"

"तिनं मागतलं काय तुले? तिनं दुकानातून मांगवलं. दुकानातून जाईन."

"अवं, पाकीट तिवस्याले जाईन, तिथून अमरावतीले जाईन, तिथून परत तिवस्याले येईन, मंग इथं. चार दिवस. भिंत हे इथं हाये."

"भिंत अकरा वर्षं इथंच हाये," मी म्हटलं. "चार दिवसानं काई होत नाई."

प्रणालीनं दुसऱ्या घाण्यातलं पाकीट घेतलं. पत्ता चिकटवला. बॅग उन्हातून आत आणली, पण कपाटावर ठेवली नाही. दाराशी ठेवली.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास कुरिअरवाला गल्लीत आला. नळाची वेळ होती. सात-आठ बाया घागरी लावून उभ्या होत्या, शकुन सर्वांत पुढं. त्यानं गाडीवरूनच मोठ्यानं वाचलं, "मनकर्णाबाई रामराव! गोदाबाईच्या घराजवळ!"

शकुननं आधी आमच्या घराकडे बोट दाखवलं. मग कुरिअरवाल्याला कुठल्या बाजूला ते विचारावं लागलं. मग तिनं मनकर्णाबाईच्या घराकडे दाखवलं.

मनकर्णाबाई ओट्यावर आली. सही केली. पाकीट तिनं आत नेलं नाही. तिथंच फाडलं, एक कुरडई काढली, उन्हाकडे धरून पाहिली.

कुरिअरवाला म्हणाला, "काकू, खराब असेल तर परत घेतो."

"खराब काहून असन?" ती म्हणाली. त्याला म्हणाली, पण आवाज नळापर्यंत जाईल एवढा होता. "माह्या सासऱ्याचं वर्ष हाये. घरात वायवन घालता येत नाई, बाहेरून घ्या लागते. हे चांगल्या वक्ताची हाये. मी पाहूनच मांगवली. तुले पायजे काय एखांदी?"

त्यानं नको म्हटलं. ती आत गेली. थोड्या वेळानं गल्लीत तेलाचा वास आला. तिनं दार लावलं नव्हतं. कुरडई तेलात फुलते तो आवाज नळावर ऐकू गेला. मेलेल्याची सून जी कुरडई खाते तिला सुतकातली म्हणायला तोंड लागतं, आणि शकुनचं तोंड त्या वेळी बंद होतं. तिची घागर भरून वाहत होती.

संध्याकाळी शकुन घरी आली. आत आली. पाटावर बसली.

"वैशाखात कितीक बाया लागतीन?"

"सहा," प्रणाली म्हणाली.

"आठ सांग. चीक जास्त झाला तं सहाजनीच्यानं होत नाई. मी आनतो."

उत्तमराव जेवताना ताटाकडे पाहत म्हणाला, "आनखी एक उन्हाळा पाहू." प्रणालीनं उठून दाराजवळची बॅग कपाटावर ठेवली. मामाला फोन मी करायला लावला. मामा म्हणाला, मग घड्या कोण घालणार? प्रणाली म्हणाली, तुम्ही. हे ती व्हिडिओतल्या भाषेत म्हणाली.

त्यानंतर आठवड्यानं प्रणाली मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. चेहरा पडलेला.

"आजी, पलीकडच्या आजीनं रिव्ह्यू टाकला. पाचातले तीनच तारे देल्ले."

"काय लिवलं?"

"तूच वाच."

मी वाचलं. दोन ओळी होत्या. 'माल चांगला आहे. मीठ कमी.'

मी दोनदा वाचलं. मग खराटा घेतला आणि अंगणात गेले. भिंतीपलीकडे तिच्या बांगड्या वाजत होत्या, शेळीला पाला टाकत होती. अंगण सकाळीच झाडून झालं होतं. मी परत झाडलं. झाडता झाडता खराट्याला म्हटलं, "पुढच्या खेपेले मीठ वाढवू."

पलीकडे बांगड्या थांबल्या.

मग ती म्हणाली, "चांदे, आयकलं काय? बुढा हेच सांगून गेल्ता."

शेळी पाला खात होती.